फूल, पूल आणि दवंडी

मागच्या वर्षी आपल्या शहरातल्या एका सार्वजनिक इमारतीत आग लागल्याची घोषणा झाली. आग खोटी होती, मॉक ड्रिल होतं. ती घोषणा ज्या सॉफ्टवेअरने केली, त्यातला बराचसा कोड माझा होता.

मी इमारतींच्या कंट्रोल पॅनलसाठी प्रोग्रॅम लिहिते. चिकलठाणा एमआयडीसीत छोटं ऑफिस आहे आमचं. स्मोक डिटेक्टरने धूर पकडला की कुठल्या मजल्यावर कुठला रेकॉर्ड केलेला संदेश कधी वाजवायचा, हे ठरवणारा भाग माझ्याकडे होता. ऑफिसच्या टेबलावर दोन स्पीकर ठेवून मी तो शंभरदा तपासला होता. सगळ्या टेस्ट पास.

ड्रिलच्या दिवशी मी इमारतीच्या मधल्या उंच हॉलमध्ये मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभी होते. संदेश सुरू झाला. म्हणजे काहीतरी सुरू झालं. छतापासून फरशीपर्यंत एक भरदार, खर्जातला आवाज घुमायला लागला आणि त्यातला एकही शब्द मला कळेना. फाइल मीच चढवलेली होती, वाक्यं मला पाठ होती, तरीही कळेना. रांगेत उभे असलेले लोक वर बघायला लागले. एका काकांनी शेजारच्याला विचारलं, "कोन्ता नंबर पुकारला?"

जवळजवळ दोन मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग दारावरचे वॉचमन मामा आत आले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "ओ, चला बाहेर! ह्या दारानं! लिफ्टकडं जाऊ नका!" हॉल बघता बघता रिकामा झाला.

संध्याकाळी लॉग उघडून बघितला. त्यात लिहिलं होतं, 'संदेश यशस्वीरीत्या प्रसारित'.

त्या ओळीनं माझी झोप उडवली. त्या दिवशी खरी आग असती तर लॉगमध्ये हीच ओळ आली असती. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे: इमारतीतल्या माणसांना 'सांगणं' म्हणजे नेमकं काय? उत्तर शोधता शोधता मी कोडपासून बरीच लांब गेले. न्यूकॅसलला गेले, वेरुळला गेले, मुंबईला गेले आणि सगळ्यात आधी आजीकडे गेले.

घंटा वाजली, मग?

आपल्याला वाटतं, अलार्म वाजला की लोक सैरावैरा पळतात. सिनेमात तसंच दाखवतात. प्रत्यक्षात उलटं होतं. लोक थांबतात, एकमेकांकडे बघतात, 'टेस्टिंग चालू असेल' म्हणतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात.

१९९१ साली गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या दोन संशोधकांनी ब्रिटनमधल्या न्यूकॅसल शहराच्या मेट्रोत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मोन्युमेंट नावाचं भुयारी स्टेशन वेगवेगळ्या प्रकारे रिकामं करून बघायचं, असा तो प्रयोग होता. पहिल्या वेळी फक्त घंटा वाजवली. पाव तासाच्या आसपास प्रयोग आवरता घ्यावा लागला, तरी स्टेशन रिकामं झालेलं नव्हतं. शेवटच्या वेळी कंट्रोल रूममधला माणूस कॅमेऱ्यावर बघत होता आणि काय झालंय, कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं हे माइकवरून सरळ सांगत होता. स्टेशन सुमारे सहा मिनिटांत रिकामं झालं. स्टेशन तेच, जिने तेच, माणसं तशीच. फरक एवढाच की या वेळी त्यांना कुणीतरी खरं काय ते सांगितलं.

या प्रयोगांच्या मागे एक जखम होती. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्टेशनात आग लागून ३१ माणसं गेली. नंतर झालेल्या चौकशीत एक गोष्ट समोर आली. स्टेशनात घोषणा करायची यंत्रणा होती, पण त्या संध्याकाळी ती वापरलीच गेली नाही.

आपल्याकडची जखम दिल्लीची आहे. १३ जून १९९७, शुक्रवार. उपहार सिनेमागृहात 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ चालू होता. खाली पार्किंगच्या मजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली आणि धूर वर चढला. ५९ जण मेले, बरेचसे बाल्कनीतले, गुदमरून. बंद झालेली वाट, अंधार अशी कारणांची यादी पुढे कोर्टात मोठी झाली. त्या यादीत हेही होतं की प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा झाली नाही. ज्या हॉलमध्ये पडद्यावरच्या तोफांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सोय होती, तिथे 'उठा, बाहेर पडा' हे तीन शब्द कुणी पोचवले नाहीत.

"बोलनं कसं येईल?"

माझी आजी पैठण तालुक्यातल्या एका गावात राहते. दिवाळीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा भाकरी थापता थापता तिला विचारलं, "आजी, दवंडी यायची तेव्हा नेमकं काय व्हायचं गं?"

"काय व्हनार? आधी हलगी वाजायची. मग तो जरा गप उभा ऱ्हायचा. आम्ही चुलीवरलं उतरून दारात यायचो. मग सांगायचा. मग पुन्हा हलगी, पुन्हा तेच. मग म्होरल्या चौकात."

"पण प्रत्येक चौकात कशाला? एकदाच देवळाच्या माळवदावर चढून मोठ्यानं ओरडायचं की!"

आजी हसली. "तिथून वरडला तर आवाज येईल माय. बोलनं कसं येईल?"

भाकरी तव्यावर पडली आणि मी तिथेच मोबाइलच्या नोट्समध्ये ते वाक्य लिहून घेतलं. कारण सार्वजनिक इमारतींमधल्या 'व्हॉइस अलार्म'ची जी मानकं मी वाचत होते, त्यांचा निम्मा सारांश आजीनं एका दमात सांगितला होता.

मानकं म्हणतात: आधी लक्ष वेधणारा टोन वाजवा. मग क्षणभर शांतता ठेवा. मग संदेश द्या. पुन्हा शांतता ठेवा आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा करा. हलगी, गप्प, सांगणं, पुन्हा हलगी. मधल्या शांततेला मी कोडमध्ये 'वाया जाणारा वेळ' समजले होते आणि ती काढून टाकली होती. पण माणसाला चुलीवरलं उतरवून दारात यायला वेळ लागतो. सुरुवातीचा टोन माहिती देत नाही, तो कान मागून घेतो. कान मिळायच्या आत बोललेला पहिला शब्द फुकट जातो.

दवंडीत आणखी एक गोष्ट होती. दवंडी देणारा माणूस गावाच्या ओळखीचा असायचा. समोरच्यांच्या चेहऱ्यावर 'कळलं नाही' असं दिसलं तर तो पुन्हा सांगायचा. तो बोलत होता आणि बघतही होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

एका बिटचे आवाज

प्रत्येक आवाजाला दवंडीसारखं बोलता येत नाही. आपल्या शहराच्या जुन्या दरवाजांमध्ये एक नौबत दरवाजा आहे. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. या सगळ्या काळात शहराला वेळ आणि सत्ता ऐकवायचं काम नगाऱ्यांनी केलं. नौबत म्हणजे ठरावीक वेळी वाजणारे नगारे. पुढे गिरण्यांचे आणि नगरपालिकांचे भोंगे आले. भोंगा झाला की पाळी बदलायची. युद्धाच्या काळात तोच भोंगा झाला की दिवे घालवायचे.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे एका बिटचे आवाज आहेत. शून्य किंवा एक. 'काहीतरी आहे' किंवा 'काही नाही'. हे आवाज चालतात, पण एका अटीवर: त्यांचा अर्थ आधीच ठरलेला आणि सगळ्यांना माहीत असला पाहिजे. गिरणीतल्या कामगाराला भोंगा समजावून सांगावा लागत नाही, कारण तो रोज ऐकतो.

सार्वजनिक इमारतीत नेमकी हीच अट मोडते. तिथे आलेला माणूस कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच तिथे आलाय. हॉस्पिटलात नातेवाइकाला भेटायला आलाय, कोर्टात तारखेला आलाय, लग्नाला आलाय. त्याला त्या इमारतीची घंटा काय सांगते हे माहीत नाही आणि मागचं दार कुठे आहे हेही माहीत नाही. अशा माणसाला एक बिट पुरत नाही. त्याला वाक्य लागतं.

मोठा आवाज नावाची कंपनी

वाक्य हजारो लोकांपर्यंत पोचवायचं यंत्र माणसाला मिळून आता शंभरेक वर्षं झाली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी २४ डिसेंबर १९१५ रोजी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या गर्दीला लाउडस्पीकरवरून भाषण आणि संगीत ऐकवलं. त्यांच्या कंपनीचं नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये सुमारे ५०,००० लोकांपुढे याच यंत्रावरून बोलले.

भारतात हे काम मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओनं केलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांचे जुने फोटो झूम करून बघा. गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या समोरच्या माइकवर अनेकदा हीच पाटी दिसते. हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत नेत्याचे स्वतःचे शब्द पोचू लागले, ही लोकशाहीसाठी लहान गोष्ट नव्हती.

पण कंपनीच्या नावातच एक समजूत दडलेली होती: आवाज मोठा केला की काम झालं. ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. 'ऐकू येत नाही' म्हटलं की आपला हात पहिल्यांदा व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो. मैदानावर ते खपून जातं, कारण उघड्यावर आवाज निघून जातो. चार भिंतींच्या आत आवाज निघून जात नाही, परत येतो. ड्रिलच्या दिवशी मीही आधी आवाज वाढवायला सांगितला होता. त्यानं फक्त गोंगाट वाढला.

वेरुळची दहा नंबरची लेणी

आवाज परत येतो म्हणजे काय, हे अनुभवायला संभाजीनगरकरांना फार लांब जायला नको. वेरुळ ३० किलोमीटरवर आहे. तिथली दहा क्रमांकाची लेणी, जिला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात, हे सातव्या शतकाच्या आसपास कोरलेलं चैत्यगृह आहे. कमानदार छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या बरगड्या कोरल्या आहेत, म्हणून हे नाव. समोर स्तूप आणि त्याच्या पुढ्यात बसलेली बुद्धमूर्ती.

तिथे गाइड अनेकदा एक दीर्घ स्वर लावून दाखवतात. स्वर थांबला तरी लेणी गात राहते. अंगावर काटा येतो. मग मी एक प्रयोग केला. गर्दी कमी झाल्यावर मैत्रिणीला स्तूपाजवळ उभं केलं आणि मी दाराशी थांबून नेहमीच्या वेगानं माझा आगीचा संदेश म्हणून दाखवला. तिला ऐकू आलं, कळलं मात्र अर्धंच. ड्रिलमधलं तेच गरगरणं.

कारण सोपं आहे. मंत्र किंवा वंदना संथ असते, स्वर लांबवलेले असतात. आधीचा स्वर पुढच्यात मिसळला तर गोडवा वाढतो. सूचनेत मात्र आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि तो पुसून टाकते. एकाच दगडी घुमटात प्रार्थना तरते आणि सूचना बुडते.

हे गणितात बसवलं वॉलेस सेबाइननं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग नावाचं नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि तिथे प्राध्यापकांचं बोलणं कुणालाच कळेना. सेबाइन तेव्हा तिशीच्या आतला, भौतिकशास्त्र शिकवणारा तरुण. त्यानं रात्री-रात्री जागून, शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रचून, आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजलं. रिकाम्या हॉलमध्ये तो सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. साडेपाच सेकंदांत आपण अख्खं वाक्य बोलून मोकळे होतो. म्हणजे तिथे कायम दोन वाक्यं एकमेकांवर चालू असायची.

दुसरी गंमत अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन स्पीकर एकच संदेश देत असतील आणि एक तुमच्यापासून ३४ मीटर जास्त लांब असेल, तर त्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा येतो. तेवढ्यानं शब्द दोनदा ऐकू येऊन फाटतो. म्हणून लांबलचक हॉलमध्ये दोन टोकांना दोन राक्षसी स्पीकर लावण्यापेक्षा दर काही मीटरवर छोटे, कमी आवाजाचे स्पीकर लावतात. प्रत्येक स्पीकरनं आपल्यापुरत्या माणसांशीच बोलायचं.

प्रत्येक चौकात वेगळी दवंडी. आजीला सेबाइन माहीत नव्हता एवढंच.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाउटगास्ट आणि स्टेनेकेन या डच संशोधकांनी याचं मोजमापच तयार केलं: स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स. शून्य म्हणजे काहीच कळत नाही, एक म्हणजे सगळं स्पष्ट. व्हॉइस अलार्मसाठी साधारण ०.५ ही किमान मर्यादा धरतात. डेसिबल सांगतात आवाज किती आला, हा आकडा सांगतो बोलणं किती आलं. आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही डेसिबल मोजले होते. दुसरा आकडा कुणी मोजलाच नव्हता, मीही नाही.

फूल की पूल?

आता थोडं उच्चारांबद्दल. बोलण्यातली ताकद स्वरांत असते: आ, ऊ, ओ. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर टांगलेला असतो. आणि स, श, फ, त, क यांच्यासारखे आवाज क्षीण, वरच्या पट्टीतले आणि क्षणभराचे असतात. गोंगाट झाला की पहिला बळी त्यांचा जातो. स्वर पोचतो, व्यंजन वाटेत सांडतं आणि ऐकणारा मोकळी जागा स्वतःच्या भीतीनं भरतो.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास मुंबईत जोराचा पाऊस सुरू झाला. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी, आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणारा पादचारी पूल अरुंद होता. पावसामुळे लोक पुलावर आणि जिन्यात आडोशाला थांबले, मागून लोकलचे लोंढे येत राहिले. त्या चेंगराचेंगरीत २३ जण मेले.

चौकशीत एका जखमी मुलीच्या सांगण्यातून एक गोष्ट पुढे आली. दसऱ्याचे दिवस, फुलं घेऊन जाणारी माणसं गर्दीत होती. कुणाचा तरी फुलांचा भारा पडला आणि ओरडा झाला, 'फूल गिर गया'. गर्दीला ऐकू आलं, 'पूल गिर गया'.

दुर्घटनेचं हे एकमेव कारण नव्हे. पूल अरुंद होता, गर्दी अफाट होती आणि याबद्दल लोक आधीपासून बोलत होते. पुढे लष्करानं तिथे नवा पूल बांधून दिला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. पण त्या एका अक्षराकडे मला पुनःपुन्हा बघावंसं वाटतं. फ आणि प यांच्यात फक्त थोडी हवा आहे. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज नेमका ती हवा खाऊन टाकतो. आणि जे लोक एका अरुंद पुलावर चेंगरून उभे आहेत, त्यांना 'फूल'पेक्षा 'पूल' ऐकू येणं किती साहजिक आहे! गर्दीत उठलेली ती आरोळी खरी की खोटी हे तपासायला तिथल्या माणसाकडे कुठलाच मार्ग नव्हता. 'पूल सुरक्षित आहे, जागेवर थांबा' हे त्या क्षणी विश्वासाच्या आवाजात कानाजवळ ऐकू येणं, एवढीच गोष्ट हवी होती.

खिडकी आणि माइक

याच मुंबईत, तिथून काही किलोमीटरवर, नऊ वर्षं आधी याच्या नेमकं उलटं घडलं होतं.

छत्रपती शिवाजी टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं बांधली. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. लाउडस्पीकर जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची, उंच छतांची ही वास्तू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथे लोकलच्या उद्घोषणा करण्याच्या ड्युटीवर विष्णू झेंडे होते. आधी स्फोटासारखा आवाज आला. मग लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला बंदुका घेतलेली दोन माणसं त्यांना केबिनमधून दिसली. झेंड्यांनी माइक सोडला नाही. प्रवाशांनी त्या बाजूला जाऊ नये, मागच्या बाजूनं स्टेशनाबाहेर पडावं, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. केबिनच्या दिशेनंही गोळ्या आल्या. त्या रात्री या स्टेशनात ५८ जण मारले गेले. लोकलमधून उतरलेले कितीतरी प्रवासी त्या बाजूला गेलेच नाहीत, याचं श्रेय झेंड्यांच्या आवाजाला दिलं जातं. पुढे ते रेल्वेत गार्ड झाले.

त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. मला त्या केबिनची रचनाही दिसते. एक, तिथून स्टेशन दिसत होतं. दोन, हातात चालू माइक होता, रेकॉर्ड केलेली फाइल नव्हती. 'बंदूकधारी घुसल्यास' अशी फाइल तेव्हा कुणी बनवून ठेवलेली असणार? तीन, लोकलच्या प्रवाशांना त्या माइकवर विसंबायची सवय होती. रोज 'अमुक नंबरवरची गाडी' सांगणाऱ्या आवाजानं 'इकडे येऊ नका' म्हटलं की माणूस थांबतो. चार, त्यांनी धोका आहे एवढंच सांगितलं नाही, कुठल्या बाजूनं जायचं तेही सांगितलं.

बघणारा, बोलणारा, ओळखीचा आणि पुन्हा पुन्हा सांगणारा. दवंडी देणारा माणूस आणखी वेगळा काय होता?

लॉगमधली एक ओळ

व्हॉइस अलार्मची यंत्रणा आखताना आपण तिच्या टिकाऊपणाचा खूप विचार करतो आणि केलाच पाहिजे. वीज गेली तरी ती बॅटरीवर चालली पाहिजे. केबल आगीत तग धरणारी हवी. एकाच भागातले स्पीकर आलटून पालटून दोन वेगळ्या लाइनींवर हवेत, म्हणजे एक लाइन जळली तरी निम्मे बोलत राहतील. माइकपासून स्पीकरच्या लाइनीपर्यंत कुठे काही तुटलं तर पॅनलनं स्वतःहून सांगितलं पाहिजे. कुणी थेट माइक हातात घेतला की रेकॉर्ड केलेलं सगळं गप्प झालं पाहिजे. आपल्या २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडचा चौथा भाग पूर्ण आग आणि जीवितसुरक्षेवरच आहे. नियम नाहीत असं नाही.

पण या सगळ्या याद्या इथवरच नेतात की यंत्र बोललं. माणसाला कळलं का, हे यादीवर टिक करून ठरत नाही. ते हॉलमध्ये उभं राहून ऐकावं लागतं.

आम्ही तो हॉल पुन्हा केला. दोन मोठे स्पीकर उतरवून खांबाखांबांवर छोटे लावले आणि त्यांचा आवाज कमी केला. टोननंतरची शांतता परत आणली. संदेशाची भाषा बदलली. आधी त्यात 'आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्याने कृपया नजीकच्या निर्गमन मार्गाचा अवलंब करावा' असं होतं. हे वाक्य मीच मंजूर केलं होतं, आता लाज वाटते. नवं वाक्य जवळजवळ वॉचमन मामांचंच आहे: 'आग लागली आहे. बाहेर चला. पार्किंगकडच्या दारानं चला. लिफ्ट वापरू नका.' संथ लयीत, आधी मराठीत, मग हिंदीत. आणि थेट माइक आतल्या सर्व्हर रूममधून काढून मामांच्या टेबलावर ठेवला. तिथून त्यांना हॉल दिसतो आणि जिनाही दिसतो. शिवाय त्यांना सगळे ओळखतात.

दुसऱ्या ड्रिलला मी पुन्हा तिथेच उभी होते. टोन वाजला. लोकांनी माना वर केल्या. शांतता. मग वाक्य आलं. एका बाईंनी पोराचा हात धरला आणि कुणालाही काही न विचारता त्या पार्किंगच्या दाराकडे चालायला लागल्या. त्यांच्या मागे बाकीचे.

नंतर ऑफिसात येऊन मी एक छोटासा बदल केला. लॉगमधल्या 'संदेश यशस्वीरीत्या प्रसारित' या ओळीतला 'यशस्वीरीत्या' हा शब्द काढून टाकला. कोड रिव्ह्यूमध्ये सहकाऱ्यानं विचारलं, का? मी लिहिलं, "आवाज गेला एवढंच आपल्याला माहीत आहे. बोलणं पोचलं की नाही, ते तिथे जाऊन बघावं लागेल."